बालवाडीतील ‘वाडी’ कोठे गेली?

‘बालवाडी’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यातील दुसऱ्या पदाकडे आपले लक्ष जात नाही. वाडी म्हणजे कुंपण घालून राखलेली बाग. केळीची वाडी, फुलवाडी आणि आपल्या भागात घराच्या मागल्या अंगाला असणारी सांदवाडी, या सर्व शब्दांत हाच अर्थ आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रेबेल याने १८४० मध्ये आपल्या बालशाळेस ‘किंडरगार्टन’ म्हणजे ‘मुलांची बाग’ असे नाव दिले, तेही केवळ उपमेखातर नव्हे. त्याच्या योजनेत प्रत्येक मुलाला स्वतःचा एक लहानसा वाफा असे आणि या वाफ्यांच्या सभोवती सर्वांनी मिळून सांभाळावयाचे सामाईक वाफे असत. आपल्याकडे बाल राहिला, भिंतीवर फळाफुलांची चित्रे आली. वाडी मात्र बहुतेक ठिकाणी नावापुरतीच उरली.

प्रस्तुत लेखात मला या वाडीविषयी काही सांगावयाचे आहे. गेल्या पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत तिरोड्यातील आमच्या मोहल्ल्यातल्या अकरा मुलांबरोबर मी घरामागील सांदवाडीत भाजीची बाग लावली. मुले सहा ते अकरा वर्षांची होती. त्या अनुभवावरून आणि या विषयावरील वाचनावरून माझे असे मत झाले आहे की, मुलांच्या बागेला एखादा विषय असावा, आणि तो विषय मुलाच्या ताटातून व त्याच्या घरच्या भाषेतून घ्यावा.

आपली पूर्वपरंपरा

मुलांच्या हाती खुरपे देणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून महात्मा गांधींची ‘नई तालीम’ पुढे आली. हाताच्या कामातून शिक्षण, हे तिचे सूत्र. आणि त्या कामांत सूतकताईबरोबर शेती-बागकामालाही स्थान होते. सेवाग्रामच्या त्याच परिसरात २००५ पासून ‘आनंद निकेतन’ ही शाळा चालते. तेथे बागकाम आणि स्वयंपाक हे सुट्टीतले छंद नसून शिक्षणाचाच भाग आहेत.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांकडे जावे, या विचारातून तेथे अंगणात भरणारी ‘अंगणवाडी’ आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. ‘अंगणवाडी’ हे नाव २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेबरोबर देशभर गेले. त्याही शब्दात वाडी आहेच! अलीकडे, २०१९ मध्ये, केंद्र शासनाने शाळांतून पोषण बागा लावण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. तात्पर्य, विचार जुना आहे व त्याला शासनाची मान्यताही आहे. प्रश्न उरतो तो पद्धतीचा.

विषयवाफा म्हणजे काय?

सामान्यतः मुलांना बाग दाखविताना आपण म्हणतो, “हे वांगे, ही भेंडी, हा पालक.” मूल मान डोलावते आणि विसरते. याचे कारण आपण उत्तरे देतो, प्रश्न देत नाही. वाफ्याला विषय असला की प्रश्न आपोआप उभा राहतो. एका वाफ्यात मुळा, पालक, फुलकोबी, वांगी आणि वाल शेजारीशेजारी लावावेत आणि मुलांना एवढेच विचारावे की, यातले आपण नेमके काय खातो? मुळ्याचे मूळ, पालकाचे पान, फुलकोबीचे फूल, वांग्याचे फळ आणि वालाचे बी, हे मुलांनी स्वतः शोधून काढले म्हणजे वनस्पतीचे अवयव पुन्हा पाठ करावे लागत नाहीत. आमच्याकडील एका मुलीने तर त्यापुढे जाऊन विचारले, “मुळ्याचा पालाही आपण खातो, मग मुळा कोणत्या रांगेत?” अशा वाफ्याला मी ‘विषयवाफा’ म्हणते.

जागा, माती आणि माप

आपल्या भागात कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी मातीची नावे शेतकऱ्याच्या तोंडी असतात. मुलांना प्रथम हीच ओळख करून द्यावी. ओल्या मातीची मुठीत वळी करून पाहावी. कन्हाराची वळी वळते आणि वाकवली तरी टिकते. रेताड सिहाराची वळी लगेच तुटते. चिकण माती पाणी धरते, परंतु भाजीच्या मुळांना हवाही लागते. म्हणून अशा मातीत चांगले कुजलेले शेणखत भरपूर मिसळून वाफा वीतभर उंच करावा. येथे पावसाळ्यात पाणी साचते ते धानाला मानवते. मिरचीला आणि भेदऱ्यांना ते मानवत नाही.

वाफ्याची लांबी कितीही असली तरी रुंदी एक मीटरहून अधिक नसावी. मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोहोचला पाहिजे, नाहीतर पाय वाफ्यात पडतो आणि माती दबते. दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन लागेल अशी जागा हवी. कुंपणाकडे दुर्लक्ष करू नये. आमच्या बागेत एका दुपारी दोन शेळ्या शिरल्या आणि बरबटीची अर्धी रांग फस्त झाली. दुसऱ्या दिवशी बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालण्यासाठी मुलांना बोलवावेसुद्धा लागले नाही.

बियांच्या निवडीत लवकर उगवणारे आणि उशिरा उगवणारे असे दोन्ही असावे. मेथी तीन-चार दिवसांत दिसू लागते. तिच्यामुळे मुलांचा धीर टिकतो. धणे मात्र आठ-दहा दिवस घेतात. पेरण्यापूर्वी ते हलके रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात, कारण ज्याला आपण धणा म्हणतो त्या एका फळात दोन बिया असतात. मुळा साधारण पंचेचाळीस दिवसांत काढावयास येतो आणि पालकाची पहिली कापणी महिन्याभरात होते. वांगी व भेदरे यांची रोपे आधी तयार करावी लागतात. हे मात्र मला शिकवावेच लागले नाही. आमच्या मुलांनी घरी धानाचे पऱ्हे आणि रोवणी जन्मापासून पाहिलेली आहे. “म्हणजे वांग्याचे पऱ्हे!” असे एकजण म्हणाला आणि सर्वांना समजले.

पहिला विषय : आपले ताट

पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात आम्ही गोल वाफा आखला. मध्ये खुंटी ठोकून तिला एक मीटर लांबीची दोरी बांधली आणि दोरीच्या टोकाला काडी धरून वर्तुळ काढले. त्रिज्या आणि व्यास हे शब्द मोठ्या मुलांनी तेथेच वापरले. आत येण्याजाण्यासाठी दोन वाटा एकमेकींना छेदून गेल्यामुळे चार भाग पडले. त्या वर्तुळाला मुलांनी ‘ताट’ म्हटले. एका भागात पालक व मेथी ही पालेभाजी. दुसऱ्यात वांगी व भेदरे. तिसऱ्यात फोडणीचे सामान म्हणजे मिरची, लसूण आणि सांभार. आणि चौथ्यात डाळ-शेंगांचे प्रतिनिधी म्हणून पोपट, म्हणजे वाल. वालाच्या मुळांवरील लहान गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र बांधून ठेवतात. एक रोप उपटून त्या गाठी मुलांना दाखविल्या.

ताट आखून होताच एक प्रश्न आला. “ताई, यात भात कोठे आहे?” आमच्या भागात ताटाचा मोठा भाग भातानेच भरतो, हे त्या मुलाने अचूक हेरले होते. भात बांधीत होतो, तूर धुऱ्यावर होते, तेलासाठी जवस धानानंतरच्या ओलीवर येतो. अशा रीतीने ताटातील एकेका वस्तूचा मागोवा घेत मुले मिठापर्यंत आली आणि थांबली. मीठ आपल्या कोणत्याच वाफ्यात, कोणत्याच बांधीत येत नाही. ते फार दूरच्या समुद्रकाठाहून येते. भूगोल व अर्थशास्त्र यांचा एक संपूर्ण धडा त्या गोल वाफ्यात झाला.

परंतु ताटाचा विषय घेण्याचे खरे कारण याहून गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. म्हणजे दर दहा बालकांपैकी जवळजवळ सात. पोट भातापोळीने भरते, पण रक्ताला लागणारे लोह त्यातून पुरेसे मिळत नाही. पालेभाज्यांत व डाळींत लोह असते. मात्र वनस्पतींतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर हे शोषण वाढते. वरणावर लिंबू पिळण्याच्या, भाजीबरोबर कच्चे भेदरे खाण्याच्या साध्या सवयीत हे शास्त्र आहे. जेवणाबरोबर घेतलेला चहा नेमके उलट करतो. हे फळ्यावर लिहून सांगितले असते तर मुलांनी उतरून घेतले असते. स्वतः लावलेले भेदरे मात्र त्यांनी जेवताना मागून घेतले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अशा बागेतून अकरा मुलांची पोटे भरत नाहीत. आमच्या पालकाच्या पहिल्या कापणीत तीन जुड्या निघाल्या. त्या अकरा घरी कशा वाटाव्यात हाच मोठा पेच झाला. शेवटी एकाच घरी भाजी शिजवून सर्वांनी चव घेतली. तेव्हा बागेमुळे कुपोषण हटेल असा दावा कोणी करू नये. बाग सवय बदलू शकते. जे मूल पालक बाजूला सारीत असे ते आपल्या हाताने कापलेला पालक निदान चाखून पाहते, एवढे मी स्वतः पाहिले आहे. ही प्राप्ती लहान असली तरी आयुष्यभर टिकणारी आहे.

दुसरा विषय : दोन नावांच्या पाट्या

कला शाखेची विद्यार्थिनी या नात्याने मला सर्वांत मोलाचा वाटलेला विषय हाच. प्रत्येक भाजीजवळ आम्ही पुठ्ठ्याची पाटी लावावयाचे ठरविले आणि तेथेच वाद सुरू झाला. पाटीवर लिहावयाचे काय? एक मुलगा, जो एरवी फारसा बोलत नसे, त्याने विचारले, “शाळेत कोथिंबीर लिहायचे आणि घरी सांभार म्हणायचे. मग खरे कोणते?”

आपल्या घरांतून पोवारी, झाडीबोली, गोंडी, हिंदी अशा अनेक बोली नांदतात. पुस्तकातील मराठी मूल शाळेत येऊन शिकते. ‘सांभार’ लिहिले म्हणून उत्तरावर लाल रेघ पडली की मुलाला वाटते, आपल्या आईचा शब्द चुकीचा आहे. आणि शब्द चुकीचा तर आईही अडाणी, हा पुढचा निष्कर्ष काढण्यास मुलाला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक पाटीवर दोन नावे लिहिली. वर घरचे, खाली पुस्तकातले. सांभार आणि कोथिंबीर. भेदरे आणि टोमॅटो. बरबटी आणि चवळीच्या शेंगा. धोपा आणि अळू. गोडनिंब आणि कढीपत्ता. पोपट आणि वाल.

कोहळ्याने मात्र आम्हांला चांगलेच अडविले. विदर्भात कोहळे म्हणजे आतून केशरी असणारा, ज्याची बोंडे तळतात तो लाल भोपळा. इतरत्र कोहळा म्हणजे ज्याचा पेठा करतात ते पांढरे, राखेचा हात फिरविल्यासारखे दिसणारे फळ. शब्द एक, वस्तू दोन! त्या पाटीवर चित्र काढण्याशिवाय गत्यंतर नव्हते. शब्दाचा अर्थ प्रदेशाप्रमाणे कसा बदलतो, हे आपण भाषाविज्ञानाच्या तासाला शिकतो. नऊ वर्षांच्या मुलांनी तो धडा भोपळ्यापाशी उभे राहून गिरवला. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकाने झाडीबोलीच्या अभ्यासाला वाहून घेतले. त्या कामाचे मोल मला वर्गाइतकेच या पाट्यांपाशी उमगले.

विचारणाऱ्या त्या मुलाला मी दिलेले उत्तर असे : दोन्ही खरे. एक आपल्या घरचे, दुसरे दूरच्या माणसाला पत्र लिहिताना कामी येणारे. पुढे पाट्यांवर गोंडी व पोवारी नावे घालण्याचे काम त्यानेच अंगावर घेतले. घरोघर जाऊन वडीलधाऱ्यांना विचारणे, एकाच भाजीची दोन घरी दोन नावे निघाली तर दोन्ही लिहिणे, हे तो न कंटाळता करी. आपण ज्याला क्षेत्रीय अभ्यास म्हणतो तो याहून वेगळा काय असतो?

तिसरा विषय : आजीचा बटवा आणि न पेरलेला वाफा

तिसऱ्या वाफ्यात तुळस, अडुळसा, गवती चहा, पुदिना, पानांचा ओवा, कोरफड, आले व हळद लावली. या वाफ्याचा उपयोग मुख्यतः नाकासाठी आहे. डोळे बांधून, पान चुरगळून नाव ओळखण्याचा खेळ मुले तासन्‌तास खेळतात. परंतु येथे शिस्त कडक हवी. पान हुंगावे, तोंडात घालू नये. आणि कोणतीही वनस्पती औषध म्हणून मुलांनी स्वतःच्या मनाने घेऊ वा देऊ नये. धोतरा, कण्हेर आणि एरंडाचे बी विषारी आहे, हे पहिल्याच दिवशी झाडे दाखवून सांगावे. धोप्याचे कच्चे पान घशाला खाजते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आपल्या आज्या धोप्यात चिंच घालतात ती काही केवळ चवीपुरती नाही.

याशिवाय एक वाफा आम्ही मुद्दाम पेरला नाही. माती मोकळी करून पहिल्या पावसावर सोडून दिली. पंधरा दिवसांत तेथे तरोटा उगवला, केना आला, चिवळ पसरली. वर्गात ज्याला तण म्हणतात त्यातले निम्मे आमच्या शेजारच्या आजींनी भाजी म्हणून ओळखले आणि प्रत्येकाची शिजविण्याची रीत सांगितली. अशा रानभाज्या ओळखणारी ही कदाचित शेवटची पिढी असेल. जाणत्या माणसाने ओळख पटविल्याविना एकही पान चुलीवर जाऊ नये, हा नियम आम्ही पाळला. मात्र त्या नियमामुळेच मुलांना आजींची गरज भासली, आणि ज्यांना शाळेतले कोणी काही विचारीत नाही अशा दोन-तीन वृद्ध स्त्रिया आमच्या बागेच्या शिक्षिका झाल्या.

काही व्यावहारिक सूचना

ज्यांना असा प्रयोग करावयाचा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिल्या वर्षी तीनपेक्षा अधिक विषयवाफे घेऊ नयेत. फ्रेबेलप्रमाणे प्रत्येक मुलाला हातभर जागा स्वतःची द्यावी व बाकी वाफे सर्वांचे असावेत; त्यायोगे जबाबदारी आणि सहकार्य दोन्ही शिकता येतात. पाणी घालण्याच्या पाळ्या मुलांनीच ठरवाव्यात. मावा दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. त्यासाठी निंबोळ्यांच्या पन्नास ग्रॅम गराची पूड रात्रभर भिजवून फडक्याने गाळून एक लिटर पाणी करावे. फवारणी मात्र मोठ्यांनी करावी. तान्ह्या पोळ्याच्या सुमारास पावसाळी भाज्यांना बहर असतो. त्या दिवशी मुले लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतातच, तेव्हा बागेलाही एक फेरी घालावी. दर आठवड्याला प्रत्येक मुलाने वहीत एक ओळ लिहावी, व ती कोणत्या बोलीत लिहावी याची सक्ती नसावी. शेवटी प्रत्येक भाजीचे एक तरी झाड बियांसाठी राखून ठेवावे, म्हणजे पुढील वर्षीची बाग दुकानातून विकत आणावी लागणार नाही.

आपल्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतून येतात. प्रत्येकाच्या घरामागे थोडीफार सांदवाडी आहे, आणि प्रत्येक गावात अंगणवाडी आहे. मराठी विभागातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या पंचवीस भाज्यांची घरची नावे जमविली, गृहअर्थशास्त्राच्या विद्यार्थिनींनी त्यांचे पोषणमूल्य मांडले, भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी माती व पावसाची जोड दिली आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी गावातील अंगणवाडीपाशी एक मीटर रुंदीचा एकच वाफा खणून दिला, तर यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही. जमविलेल्या नावांची यादी पुढील अंकात छापावी, अशी संपादक मंडळास माझी विनंती आहे. पंचवीस नावांपासून सुरुवात करू या. वाडी पुन्हा वसविण्यास तेवढे बियाणे पुरेसे आहे.